पातळ भिंतीवरचा भार
(सुदामा नगर, इंदूर येथील उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)

सुदामा नगरातल्या आपल्या घरांच्या भिंती विटांच्या आहेत. भोक पाडायचं, प्लॅस्टिकची गट्टी ठोकायची, स्क्रू आवळायचा, की घड्याळापासून मांडणीपर्यंत काहीही टांगता येतं. हाताला ही सवय इतकी जडलेली असते की कॅराव्हॅनमध्ये, म्हणजे चाकांवरच्या घरात शिरल्यावरही माणूस तेच करायला जातो. आणि पहिल्याच घाटात मांडणी खाली येते.

हा विषय आपल्यापासून लांबचा नाही. फोर्स मोटर्स ही कंपनी पुण्याच्या आकुर्डीची, पण तिची ट्रॅव्हलर तयार होते आपल्या शेजारी, पीथमपूरला. अशा गाड्यांत पलंग, ओटा आणि संडास बसवून फिरतं घर करतात. महाराष्ट्र शासनानं २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून तिकडे या विषयाची चर्चाही वाढली. निवृत्तीनंतर अशा घरातून नर्मदेचा काठ फिरावा, ही इच्छा मला फार सुंदर वाटते. म्हणूनच आतल्या भिंतीबद्दल आज सविस्तर बोलणार आहे.

ही भिंत असते कशी? डब्यासारखी बांधलेली बॉडी असेल तर बाहेर ॲल्युमिनियमचा किंवा फायबरचा पत्रा, मध्ये फोम आणि आत बहुधा तीन-चार मिलिमीटरचा प्लाय. ट्रॅव्हलरसारख्या गाडीत पोलादी पत्र्याला आतून पोलादाच्याच फासळ्या असतात आणि त्यांवर प्लाय जडवतात. दोन्हीकडे तो प्लाय शोभेचा. भार पेलते ती फासळी किंवा चौकट. तीन मिलिमीटरच्या प्लायमध्ये लाकडात बसणाऱ्या स्क्रूचे जेमतेम दोन आटे धरतात. गाडी हादरू लागली की भोक रुंदावतं आणि स्क्रू सैल होतो. तो आणखी आवळला तर आटे प्लाय कुरतडतात. विटेसाठीची गट्टी इथे निरुपयोगी, कारण तिला फुगून दाबायला मागे घट्ट काही नसतं, फोमच असतो.

आता थोडा हिशेब करू. मांडणीवर तीन किलो सामान आहे आणि त्याचा भार भिंतीपासून दहा सेंटीमीटर पुढे येतो. वरचे आणि खालचे स्क्रू एकमेकांपासून दहा सेंटीमीटरवर असतील, तर वरच्या स्क्रूंवर भिंतीतून बाहेर ओढणारा ताण तीन किलोंचा. तेच अंतर तीस सेंटीमीटर केलं तर ताण एकच किलो. सामान तेच, स्क्रू तेच. फक्त ब्रॅकेट उभ्यात लांब. आता खंडवा रस्त्यावरचा भेरूघाट उतरताना खड्ड्यात आदळलेली गाडी डोळ्यांसमोर आणा. धक्का तिप्पट धरला तर हे आकडेही तिप्पट होतात. टीव्हीचा पुढे ओढता येणारा हात यासाठीच मला सगळ्यात धोक्याचा वाटतो: वजन बेताचं, पण भिंतीपासून फार पुढे.

म्हणून आधी फासळी शोधा. पोलादी असेल तर पातळ प्लायवरूनही लोहचुंबक तिला चिकटतो. ॲल्युमिनियमला चिकटत नाही. तिथे प्लाय जडवणाऱ्या पोलादी स्क्रूंच्या रांगेवरून चौकट कळते. जड वस्तू फासळीवरच लावायची. पत्र्याच्या फासळीत रिव्हेट-नट, म्हणजे भोकात कायमचा घट्ट बसणारा आटेदार नट, बसवला तर बोल्ट पुन्हापुन्हा काढता-घालता येतो.

फासळी हव्या त्या जागी नसेल, तर नऊ किंवा बारा मिलिमीटर प्लायची पट्टी दोन फासळ्यांवर आडवी टाका, टोकांना बोल्ट करा आणि वस्तू त्या पट्टीवर लावा. दिसायला ती थोडी जाड दिसते. दिसू द्या. नुसती पट्टी भिंतीला चिकटवली तर भार पसरतो, हे खरं. पण तेवढ्या भरवशावर जड वस्तू लावू नये. दुतर्फा चिकटपट्टी हलक्या हुकांना, वायरींच्या क्लिपांना ठीक आहे. ती प्लायवरच्या विनाइलच्या थराला घट्ट धरते, पण विनाइलच प्लायपासून सुटून येतं. उन्हात तापलेल्या गाडीत हे लवकर घडतं.

भोक पाडण्यापूर्वी मागे काय आहे, ते पाहायलाच हवं. वायर असेल, पाण्याची नळी असेल, गॅसची नळीही असेल. ड्रिलच्या पात्यावर चिकटपट्टी गुंडाळून खोलीची खूण करा. लांब स्क्रू बाहेरच्या पत्र्यातून निघाला तर पावसाळ्यात पाणी आत येतं आणि प्लाय आतून कुजत जातो. वरून महिनोन् महिने काही कळत नाही.

एका बाबतीत माझं मत ठाम आहे. झोपायच्या जागेच्या डोक्याशी जड मांडणी लावूच नये, कितीही चांगली बसवली तरी. तिथे आपली नातवंडं झोपतात. अग्निशामक दाराजवळ हवा, हाताशी हवा, आणि तोही फासळीलाच. गॅसचं सिलिंडर भिंतीला टांगायचंच नाही. त्याची जागा खाली, बाहेर वारा जाईल अशा स्वतंत्र कप्प्यात, पट्ट्यानं जखडलेली.

ज्यांची गाडी सध्या बनते आहे, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. आतला प्लाय बंद होण्याच्या आदल्या दिवशी कारखान्यात स्वतः जा. प्रत्येक फासळीला, वायरीला आणि नळीला मोजपट्टी लावून फोटो काढून घ्या. टीव्ही, मांडणी, अग्निशामक कुठे येणार, ते त्याच दिवशी ठरवा आणि तिथे मागून बारा मिलिमीटरचा प्लाय बसवून घ्या. हे काम त्या दिवशी एका दुपारचं असतं. नंतर त्यासाठी अख्खी भिंत उघडावी लागते.