घरातील कचरा, नगरपालिकेचे कर्तव्य आणि सफाई कामगार

(स्थानिक स्वराज्य संस्थांत काम करणाऱ्या पक्ष सभासदांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

कॉम्रेड्स,

नगरपालिकेतील कामाची चर्चा निघाली की पाणी, रस्ते, घरपट्टी, झोपडपट्टी हे विषय ताबडतोब पुढे येतात. केरकचऱ्याचा विषय मात्र आरोग्य खात्यावर सोपवून सभा पुढे सरकते. वस्तुतः कोणत्या वस्तीतील कचरा रोज उचलला जातो आणि कोणत्या वस्तीत तो साठू दिला जातो, तो कोणाच्या हातांनी उचलला जातो, आणि अखेर कोणाच्या दाराशी नेऊन टाकला जातो, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे समाजाच्या वर्गीय आणि जातीय रचनेतच सापडतात.

सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची साथ आली, तेव्हा याचे प्रत्यंतर साऱ्या देशाला आले. हिरे आणि कापडाच्या व्यापाराने गबर झालेले ते शहर. परंतु खानदेशापासून ओरिसापर्यंतच्या मुलखातून आलेले कामगार ज्या वस्त्यांत राहत, तेथे पुराच्या पाण्याबरोबर आलेली घाण आणि मेलेली जनावरे तशीच पडून होती. लाखो लोक शहर सोडून निघून गेले. शहराजवळ संपत्ती होती, कायदा होता, नगरपालिकाही होती. उणीव होती ती श्रमिकांच्या वस्तीला शहराचा भाग मानण्याची.

कचऱ्याचे अर्थकारण

घरगुती कचरा उचलणे ही नगरपालिकेची मेहेरबानी नव्हे. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यात ते आवश्यक कर्तव्यांत मोडते. १९९२ च्या ७४व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत घनकचऱ्याची व्यवस्था हा विषय स्पष्ट शब्दांत नमूद आहे. केंद्र सरकारने २००० साली आणि पुन्हा २०१६ साली नियम केले, आणि २०१६ च्या नियमांनी घरातच ओला, सुका व घातक कचरा वेगळा करण्याचे बंधन घातले. मग अडते कोठे?

अडते ते व्यवस्थेच्या आर्थिक पायावर. बहुतेक शहरांत कचरा वाहून नेण्याचे कंत्राट टनावर दिले जाते. जितके वजन अधिक, तितके बिल मोठे. अशा कंत्राटदाराला ओला कचरा घराजवळ जिरावा, कागद आणि प्लास्टिक वेगळे निघावे, यात काय स्वारस्य असणार? गृहिणीने दोन डब्यांत वेगळा ठेवलेला कचरा पुष्कळदा एकाच गाडीत ओतला जातो, त्याचे मूळ येथे आहे. या देशातील घरगुती कचऱ्यापैकी सुमारे निम्मा भाग ओला असतो. तो वेगळा राहिला तर त्याचे खत होते. सुक्यात मिसळला की खतही बिघडते आणि कागदही वाया जातो.

कचरा जाळून वीज निर्माण करण्याच्या कारखान्यांचा गाजावाजाही याच कसोटीवर तपासला पाहिजे. दिल्लीत तिमारपूर येथे १९८७ मध्ये डेन्मार्कच्या साहाय्याने असा कारखाना उभारण्यात आला आणि थोड्याच दिवसांत तो थंडावला. पाणी आणि माती मिसळलेला कचरा जळत नाही, हे साधे सत्य यंत्रे मागविताना कोणी विचारात घेतले नव्हते.

केरळचा अनुभव

केरळमध्ये १९९६ साली सुरू झालेल्या लोकयोजना मोहिमेने पंचायती व नगरपालिकांच्या हाती अधिकार आणि निधी सोपविला. तरीही शहराचा कचरा शेजारच्या खेड्यात नेऊन टाकण्याची जुनी रीत चालूच राहिली. तिरुवनंतपुरमचा कचरा विळप्पिल्शाला येथे जाई. तेथील पंचायतीने डिसेंबर २०११ मध्ये कचरा-कारखाना बंद पाडला. आलप्पुळा शहराचा कचरा सर्वोदयपुरम् येथे जाई. तेथील ग्रामस्थांनीही गाड्या अडविल्या.

पोलीस बंदोबस्तात गाड्या पुढे रेटणे हा एक मार्ग होता. आलप्पुळाने दुसरा मार्ग धरला. आमदार कॉ. थॉमस आयझॅक यांच्या पुढाकाराने २०१२ मध्ये तेथे ‘निर्मल भवनम्, निर्मल नगरम्’ ही मोहीम सुरू झाली. घरोघरी खताचे नळ आणि छोटी बायोगॅस यंत्रे बसविण्यात आली. ज्यांच्या घराला परसू नाही त्यांच्यासाठी वॉर्डांत सार्वजनिक खतपेट्या बांधण्यात आल्या. ओला कचरा, वाळलेला पाला आणि शेण यांचे थर रचावयाचे आणि फटींतून हवा खेळती ठेवावयाची. सुमारे तीन महिन्यांत खत तयार होते. यात परदेशी यंत्र नाही आणि मोठा कंत्राटदारही नाही. आहे ती वॉर्डावॉर्डांतली संघटना.

पुढे २०१६ मध्ये सुरू झालेल्या हरित केरळम् मोहिमेतून ‘हरित कर्म सेना’ उभी राहिली. कुटुंबश्रीच्या बचतगटांतून आलेल्या ३० हजारांहून अधिक स्त्रिया घरोघर जाऊन सुका कचरा गोळा करू लागल्या. संकलन केंद्रात त्याची निवड होते. विकण्याजोगा माल विकला जातो आणि निरुपयोगी प्लास्टिक रस्त्याच्या डांबरासाठी अथवा सिमेंटच्या भट्ट्यांसाठी पाठविले जाते.

परंतु या अनुभवाची दुसरी बाजू झाकून चालणार नाही. २ मार्च २०२३ रोजी कोचीनजीक ब्रह्मपुरम् येथील कचऱ्याच्या डोंगराला आग लागली आणि सुमारे बारा दिवस शहर धुराखाली गुदमरले. महापालिकेत तेव्हा डावी लोकशाही आघाडीच सत्तेवर होती. जुना कचरा उपसण्याचे काम मात्र खासगी कंपनीच्या कंत्राटावर सोपविलेले होते. एकाच राज्यात, एकाच राजकीय नेतृत्वाखाली, आलप्पुळा आणि ब्रह्मपुरम् हे दोन भिन्न निकाल लागले. लोकांना संघटित करून कचरा उगमाशीच हाताळला तेथे यश आले. तो नजरेआड साठवून कंत्राटदाराच्या हवाली केला तेथे अपयश पदरी पडले.

श्रमाची किंमत

हरित कर्म सेनेच्या स्त्रिया नगरपालिकेच्या नोकर नाहीत. त्यांची मिळकत मुख्यतः घरटी मिळणाऱ्या मासिक शुल्कावर आणि विकल्या गेलेल्या मालावर अवलंबून असते. एखाद्या घराने शुल्क नाकारले की तोटा त्यांच्या पदरात पडतो. जुलै २०२३ मध्ये परप्पनंगडी नगरपालिकेतील अशा ११ स्त्रियांना २५० रुपयांच्या एका लॉटरी तिकिटावर १० कोटी रुपयांचे बक्षीस लागले आणि वृत्तपत्रांनी रकाने भरले. ते एक तिकीट घेण्यासाठी अकरा जणींना पैसे जमवावे लागले, यातील अर्थ मात्र फारसा कोणी उलगडला नाही. सफाई करणाऱ्या स्त्रीचे म्हातारपण लॉटरीवर सोपविता येत नाही.

मुंबईत हा प्रश्न अधिक उघड्या स्वरूपात पुढे आला. तेथील कंत्राटांचे तुकडे असे पाडले जात की एकेका कंत्राटाखाली २० पेक्षा कमी कामगार यावेत. कारण १९७० चा मूळ कंत्राटी कामगार कायदा २० कामगारांपासून लागू होई. कचरा वाहतूक श्रमिक संघाने औद्योगिक न्यायाधिकरणापासून वरपर्यंत लढा दिला, आणि ७ एप्रिल २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने २,७०० कामगारांना कायम करण्याच्या निर्णयावर शिक्कामोर्तब केले. हे कामगार प्रामुख्याने दलित. पिढ्यान्‌पिढ्या जातीने लादलेले काम त्यांच्या माथी आले, आणि त्या कामाला नोकरीची प्रतिष्ठा देण्याची वेळ येताच कंत्राटाची भिंत उभी करण्यात आली.

ती भिंत आता उंच झाली आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितेने कंत्राटी कामगारांविषयीच्या तरतुदींची मर्यादा २० वरून ५० वर नेली. मुख्य कामासाठी कंत्राटी कामगार नेमण्यास ही संहिता मनाई करते. परंतु झाडलोट आणि कचरा गोळा करणे यांना ती मुख्य कामातून वगळते. मात्र त्याच कलमात एक अट आहे: ती संस्था त्या कामासाठीच स्थापन झालेली नसेल, तरच हे वगळणे लागू होते. नगरपालिका कशासाठी स्थापन झाली आहे, याचे उत्तर १८८८ च्या कायद्यात आणि राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत लिहिलेले आहे. पुढील लढ्यात हा मुद्दा प्रत्येक कामगार संघटनेच्या हाती असला पाहिजे.

पक्ष सभासदांची कामे

पहिले काम, आपल्या नगरपालिकेचे कचऱ्याचे कंत्राट मागवून ते वाचावे आणि पैसे वजनावर दिले जातात की वर्गीकरणावर, हे सभागृहात उघड करावे. दुसरे, ओला कचरा वॉर्डातच जिरविण्यासाठी जागा आणि निधी यांची तरतूद अर्थसंकल्पात करून घ्यावी. तिसरे, शहराचा कचरा ज्या गावावर लादला जातो तेथील ग्रामस्थ आणि शहरातील सफाई कामगार यांना एकमेकांविरुद्ध उभे राहू देऊ नये. दोघांची संयुक्त सभा घ्यावी. चौथे, कचरावेचक, कंत्राटी कामगार आणि कायम कामगार यांची एकच संघटना बांधावी आणि किमान वेतन, हातमोजे, बूट, भविष्य निर्वाह निधी या मागण्या एकत्र मांडाव्यात. केरळमध्ये हरित कर्म सेनेच्या स्त्रियांना निश्चित वेतन मिळवून देण्याचे कामही याच कार्यक्रमाचा भाग आहे.

कॉम्रेड्स, स्वच्छ शहराचे चित्र रंगविणे सोपे आहे. शहर स्वच्छ ठेवणाऱ्या माणसाला त्याच शहराचा मानाचा नागरिक बनविणे कठीण आहे. त्यासाठी पहाटे गाडी निघते त्या चौकीवर पक्ष सभासद हजर असला पाहिजे.