साखळीआधी हात

(जाफराबाद येथे भरलेल्या श्वानप्रशिक्षकांच्या संमेलनातील अध्यक्षीय भाषण)



पूर्णा आणि केळना या नद्यांच्या संगमावरच्या या गावात संमेलन भरतंय आणि त्याचं अध्यक्षपद याच तालुक्यात जन्मलेल्या एका निवृत्त हवालदाराला आपण दिलंत, याबद्दल मनापासून आभार. पहाटेपासून राबणाऱ्या कार्यकर्त्यांचे आणि कुत्री बांधायला मैदानाकडेच्या लिंबांची सावली मोकळी करून देणाऱ्या गावकऱ्यांचेही आभार.

अध्यक्षाने वर्षभराचा आढावा घ्यावा अशी प्रथा आहे. तो मी लिहून आणला आहे. तो कागद कार्यवाहांकडे देतो, अहवालात छापून येईल. मला आज एकाच गोष्टीवर बोलायचं आहे, आणि ती चारचौघांत बोलायला मला बावीस वर्षं लागली.

मी एका जिल्ह्याच्या श्वानपथकात होतो. माझ्याकडे राणी नावाची जर्मन शेफर्ड होती, माग काढणारी. चपलेचा वास दिला की मान वर न करता दोन-दोन किलोमीटर जायची. भाद्रपद लागला आणि ती सरावात मागे पडू लागली. वास घ्यायची, चार पावलं जायची आणि बसायची. मी साखळीला हिसका दिला की उठायची, पुन्हा बसायची. एक वरिष्ठ म्हणाले, आळसावलीय, साखळी आखडती घे. मी घेतली. आठ दिवस घेतली. नवव्या दिवशी सकाळी तिच्या खोलीत गेलो तर फरशीवर रक्ताचे थेंब, नाकातून आलेले. दवाखान्यात डॉक्टरांनी सगळ्यात आधी तिचा वरचा ओठ उचलला. हिरड्या चुना लावल्यासारख्या पांढऱ्या. गोचीड ताप. ते म्हणाले, हा कालपरवाचा नाही, कधीचा अंगात मुरलाय. चौथ्या दिवशी राणी गेली.

तो ओठ रोज माझ्या डोळ्यांसमोर होता. मी तो एकदाही उचलला नव्हता.

तेव्हापासून माझं एकच म्हणणं आहे. कालपर्यंत ऐकणारा कुत्रा आज ऐकत नसेल तर तो आजारी आहे असं धरूनच सुरुवात करा. त्याला काही दुखत नाही, खुपत नाही, ताप नाही, याची खात्री होईपर्यंत हट्टी, आळशी, नालायक हे शब्द तोंडातून काढू नका. आपल्या धंद्यात हे शब्द फार स्वस्त झालेत. ‘बस’, ‘थांब’, ‘सोड’ किती दिवसांत शिकवता यावर आपण एकमेकांची किंमत ठरवतो. कुत्र्याचा ताप कुठून आणि कसा मोजतात, हे कुणी कुणाला विचारत नाही.

सकाळच्या चर्चेत एका तरुण मित्राने उभं राहून सांगितलं की तपासणं हे डॉक्टरांचं काम, आपलं शिकवण्याचं. त्यांचा मला राग नाही, त्यांच्या वयाचा असताना मीही तेच म्हणायचो. पण डॉक्टर तुमच्या कुत्र्याला वर्षातून दोनदा, दहा मिनिटं बघतात, तेही टेबलावर घाबरून थरथरत असताना. तुम्ही त्याला रोज बघता. निदान आणि औषध डॉक्टरांचंच, त्यात आपण हात घालायचा नाही. पण काल हिरडी गुलाबी होती आणि आज फिकी आहे, हे डॉक्टरांना कोण सांगणार?

गुलाबी हिरडी अंगठ्याने दाबा, पांढरी होते. बोट काढलं की दोन सेकंदांच्या आत रंग परत यायला हवा. एवढ्याला डिग्री लागत नाही. शेपूट उचलून गुदद्वारातून थर्मामीटर लावायचा, टोकाला थोडं व्हॅसलीन. निरोगी कुत्र्याचं तापमान 101 ते 102.5 अंश फॅरेनहाइटपर्यंत असतं. आपला ताप तो त्याचा आरोग्याचा आकडा. हे माहीत नसल्यामुळे, कुत्र्याचं अंग गरम लागतंय म्हणून पॅरासिटामॉल देणारे मालक मी पाहिलेत. आयबुप्रोफेन देणारेही. माणसाच्या या गोळ्यांनी कुत्र्याचं यकृत जातं, मूत्रपिंड जातं. आणि मालक ती गोळी देण्याआधी फोन कुणाला करतो? आपल्याला करतो. आपण म्हणतो, द्या अर्धी.

माझं लहानपण केळनेच्या काठी गेलं. पावसाळा संपला की तिथे धनगरांच्या मेंढ्या बसायच्या. एक म्हातारा बाबा होता, लिहिता-वाचता न येणारा. संध्याकाळी मेंढ्या वाड्यात गेल्या की आपल्या तिन्ही कुत्र्यांना एकेक करून पुढ्यात घ्यायचा आणि नाकापासून शेपटीपर्यंत हात फिरवायचा. कानात बोट, काखेत बोट, पायाच्या प्रत्येक फटीत बोट. कुसळ निघायचं, गोचीड निघायचा. भाकरी त्यानंतर. मला वाटायचं, तो लाड करतोय. ती तपासणी होती, हे कळायला मला पोलिसात जावं लागलं आणि राणी गमवावी लागली.

कुसळाचं घ्या. आपल्या माळावरचं कुसळी गवत दिवाळीनंतर वाळतं. त्याचं कुसळ काटेरी बाणासारखं असतं, पुढेच सरकतं, मागे येत नाही. बोटांच्या बेचक्यात शिरलं की आत जात राहतं, पू होतो. कानात गेलं तर पडद्यापर्यंत पोचतं. काही वर्षांपूर्वी एका शेतमालकाने एक देशी कुत्रा माझ्याकडे आणला. चावरा झालाय म्हणाले, दोन प्रशिक्षकांनी हात टेकलेत, तुम्ही बघा, नाहीतर सोडून देतो. मी पाहिलं, तो मान एका बाजूला तिरकी धरत होता. उजव्या बाजूने हात गेला तरच गुरगुरायचा. त्याला मी एकही हुकूम दिला नाही, जाळी बांधून थेट दवाखान्यात नेला. भूल देऊन कानातून कुसळ काढलं. आठवड्याने तोच कुत्रा मालकाच्या नातवाच्या मांडीवर डोकं ठेवून पडला होता. त्याआधी दोघांनी त्याला चाव्याबद्दल मारलं होतं.

बिस्किटवाले आणि साखळीवाले असा आपल्यातला वाद आजही रंगला. तोही मी माझ्या अनुभवाने मिटवतो. खाऊ देऊनच शिकवावं, या बाजूचा मी आहे. गळ्याला आवळणाऱ्या साखळीने श्वासनळीला इजा होते, आणि राणीच्या गळ्यातली माझी साखळी मी विसरलेलो नाही. पण बिस्किटवाल्यांनो, ‘याला खाण्याची आवडच नाही, हा शिकणार नाही’ असं सांगून तुम्ही परत पाठवलेली एक लॅब्राडोर कुत्री माझ्याकडे आली होती. लॅब्राडोर, आणि खाण्याची आवड नाही! तोंड उघडलं तर मागची दाढ उभी चिरलेली. दगड चावायची सवय होती तिला. दाढ काढली, आणि ती माझ्या खिशापर्यंत उड्या मारू लागली. पद्धत कुठलीही असो, ती निरोगी शरीरावरच चालते.

गोचिडाबद्दल थोडं सविस्तर बोलतो, कारण आपल्या भागात त्याच्याइतकं नुकसान दुसऱ्या कशाने होत असेल असं मला वाटत नाही. कुत्र्याचा तपकिरी गोचीड अंगावर दिसतो तेव्हा बहुतेक गोचीड अंगावर नसतात, ते भिंतीच्या भेगांत, दाराच्या चौकटीत, पत्र्याच्या खाचेत असतात. रक्त पिऊन फुगलेली मादी खाली उतरते आणि एका वेळी हजारोंनी अंडी घालते. पिल्लू चढतं, रक्त पितं, उतरतं, कात टाकून पुन्हा चढतं. म्हणून नुसता कुत्रा धुऊन गोचीड संपत नाहीत, भेगा बुजवाव्या लागतात, जागेवर औषध मारावं लागतं. या गोचिडातून जो ताप होतो त्यातल्या एका जंतूची, एर्लिकियाची, ओळख 1935 मध्ये अल्जीरियात झाली. पुढे व्हिएतनाम युद्धात अमेरिकन लष्कराची कितीतरी जर्मन शेफर्ड कुत्री याच रोगाने, नाकातून रक्त येऊन गेली. जगातल्या सगळ्यात श्रीमंत सैन्याची कुत्री. मला हे वाचायला मिळालं तेव्हा राणी जाऊन दहा वर्षं झाली होती.

वेळेत कळलं तर यावर औषध आहे आणि ते महागडं नाही. उपाय म्हणून रॉकेल चोळू नका. लूत लागलेल्या कुत्र्याला गॅरेजमधलं जळकं ऑइल फासू नका, ते कुत्रा चाटतो आणि त्याच्या पोटात विष जातं. बैलांच्या गोचिडांचं औषध डोळ्यांच्या अंदाजाने पाण्यात ओतून कुत्र्याला आंघोळ घालू नका. आणि गोचीड नखाने चिरडू नका. हे सगळं करणारे लोक या सभागृहातही आहेत, मला माहीत आहे.

आता एक कबुली. सेवेतून उतरल्यावर मी घरोघर जाऊन शिकवायचो. सकाळी पाच घरं. तेच बूट, तोच पट्टा, तोच चेंडू, खाऊची तीच पिशवी. एका घरी पिलू जुलाबांनी आजारी होतं. मी बाहेरूनच परतलो, पण अंगणात उभा राहिलो होतो. पुढच्याच आठवड्यात तिसऱ्या घरचं अडीच महिन्यांचं पिलू रक्ताचे जुलाब होऊन गेलं. पार्वो. हा रोग 1978 च्या सुमारास जगासमोर आला. त्याचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने जिवंत राहतो आणि आपल्या नेहमीच्या फिनाइलला दाद देत नाही. त्याला ब्लीच लागतं, एक भाग ब्लीचला तीस भाग पाणी, तेही आधी घाण काढून. माझ्याच बुटांनी तो तिथे नेला, असं मला आजही वाटतं. त्या घरच्यांना मी तसं सांगितलं. त्यांनी काही दोष दिला नाही, त्याचं जास्त वाईट वाटलं.

म्हणून, पिलाला लवकर बाहेर काढावं की सगळ्या लसी होईपर्यंत घरात ठेवावं, या वादात मला दोन्ही बाजूंची गोष्ट पटते. तीन ते चौदा आठवड्यांच्या वयात पिलाने जग पाहिलं नाही तर ते जन्मभर भित्रं राहतं, हे खरं. लसींचा क्रम सोळा आठवड्यांपर्यंत चालतो, हेही खरं. मी पिलू कडेवर घेतो. बाजार दाखवतो, बँड ऐकवतो, एसटी स्टँडवर नेतो, पण दहा कुत्री हुंगून गेलेल्या मातीवर त्याला ठेवत नाही.

उन्हाचं सांगायलाच हवं. चैत्र-वैशाखात आपल्याकडे पारा चाळीसच्या वर जातो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापेनेच थंड होतो. आणि धापा टाकणारं नाक नीट वास घेऊ शकत नाही, मग दुपारी बाराला माग काढायला लावून आपण काय शिकवतो? हाताची मागची बाजू जमिनीवर सात सेकंद ठेवा. तुम्हाला सोसवली नाही तर त्याच्या पंजांनाही सोसवणार नाही. ऊन लागलेल्या कुत्र्याला सावलीत घ्या, अंगावर साधं पाणी ओता, वारा घाला, आणि ओल्या अंगानेच दवाखान्यात न्या.

मुंबई पोलिसांच्या झंजीरचं नाव प्रत्येक सभेत निघतं, आजही तीनदा निघालं. पुण्याला शिवाजीनगरच्या केंद्रात शिकलेला, 1993 च्या स्फोटांनंतर 3,329 किलो आरडीएक्स शोधून देणारा लॅब्राडोर. तो आकडा आपल्याला तोंडपाठ आहे, असायलाच हवा. पण तो 2000 साली, जेमतेम आठ वर्षांचा असताना हाडांच्या कर्करोगाने गेला, हे किती जण सांगतात? मोठ्या चणीच्या कुत्र्यात हा रोग बहुधा लंगडण्याने सुरू होतो. पाय मुरगळला असेल म्हणत आपण किती लंगडणाऱ्या कुत्र्यांना अडथळ्यांवरून उड्या मारायला लावल्या असतील, याचा विचार मला झोपू देत नाही.

आणि पिसाळण्याबद्दल. कुत्र्याला तीन महिन्यांनंतर पहिली लस आणि पुढे दरवर्षी, हे मालकांना आपण सांगतो. पण आपलं स्वतःचं काय? चहाच्या वेळी मी जवळ बसलेल्यांना विचारलं, चावण्याआधीच घ्यायची लस कुणी घेतलीय. एकानेही होय म्हटलं नाही. रोज परक्या कुत्र्याच्या जबड्याशी हात नेणारी माणसं आपण. चावलं तर मिरची, चुना, हळद काही भरायचं नाही. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं, घड्याळ लावून जखम धुवायची आणि लगेच सरकारी दवाखाना गाठायचा. लक्षणं दिसू लागली की या रोगातून माणूस जवळपास कधीच वाचत नाही.

पुढच्या वर्षासाठी काही कामं मनात आहेत. मराठीत एक छोटं पुस्तक व्हावं, चित्रांसह, खिशात मावेल असं. त्यासाठी परभणीच्या पशुवैद्यक महाविद्यालयातल्या जाणकारांना विनंती करावी, असं वाटतं. प्रत्येक कुत्र्याची एक वही असावी, वजन, ताप, जंताचं औषध, लसीची तारीख. आपल्या प्रमाणपत्राच्या परीक्षेत पहिला प्रश्न हुकुमाचा नको, हात फिरवून दाखवण्याचा हवा. हे कुणी करायचं, पैसा कुठून आणायचा, ते कार्यकारिणी बसून ठरवेल. मी वेळ देईन, एवढं आज सांगतो.

बोलायचं अजून पुष्कळ आहे, पण मघापासून माझं लक्ष खिडकीबाहेर जातंय. सकाळी आपण कुत्री लिंबाखाली बांधली तेव्हा सावली पश्चिमेला होती. आता ऊन फिरलंय. डावीकडची चार-पाच कुत्री उघड्यावर आलीत आणि तिथली बादली आडवी पडलेली दिसते. आभारप्रदर्शन थोडं थांबेल. ज्यांची कुत्री आहेत त्यांनी आधी उठावं.