आधी कबूल केलेले बक्षीस

बक्षिसाच्या आशेने मूल कामाला लागते, हे खरे. पण ते त्यात रमते काय? लेपर, ग्रीन व निस्बेट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत केलेला प्रयोग १९७३ साली प्रसिद्ध झाला. चित्रांची मुळातच गोडी असलेल्या काही मुलांना, चित्र काढल्यास सोनेरी मोहोर व फीत लावलेले प्रशस्तिपत्र देण्याचे आधीच कबूल करण्यात आले. एक-दोन आठवड्यांनी तेच रंगीत पेन वर्गात मांडले, तेव्हा ही मुले इतरांच्या सुमारे निम्माच वेळ त्यांत रमली. प्रशस्तिपत्र ज्यांच्या हाती अवचित पडले, त्यांची गोडी मात्र उणावली नव्हती. तेव्हा मूल मातीचा बैल घेऊन आले, तर खाऊ अवश्य द्यावा. पण आधी, शिंगे कशी बसविली ते विचारावे.