पहिली चाहूल आणि एका अमिनो आम्लाची कसोटी

(उत्सवातील आरोग्यविषयक व्याख्यानाचा संक्षेप)



गणराय ही बुद्धीची देवता. त्यामुळे त्याच्याच मांडवात मनाच्या आजाराविषयी बोलताना आम्हां डॉक्टर मंडळींना संकोच वाटत नाही.

कॉलेजात जाणारा मुलगा हळूहळू मित्र सोडतो, अभ्यासात मागे पडतो, खोलीत कोंडून घेतो. लोक आपल्याविषयीच बोलतात, असा त्याला संशय येतो. घरची मंडळी म्हणतात, "वयच तसं आहे," किंवा "लग्न झालं की येईल ताळ्यावर." पुष्कळदा ते खरोखर वयच असते, कधी मात्र ती स्किझोफ्रेनियाची पहिली चाहूल असते. अशी लक्षणे दिसणाऱ्या बहुतेकांना पुढे हा आजार होत नाही. मग वजन वाढवणारी, सुस्ती आणणारी औषधे सरसकट सगळ्यांना कशी द्यायची?

या पेचातून अमेरिकेत एक वाट चाचपली गेली. मेंदूतल्या 'एनएमडीए' या ग्राहकाचे काम बँकेच्या लॉकरसारखे असते. त्याला दोन किल्ल्या लागतात. एक ग्लुटामेट, दुसरी ग्लायसीन किंवा डी-सेरीन हे अमिनो आम्ल. स्किझोफ्रेनियात हे कुलूप नीट उघडत नसावे, असा संशोधकांचा कयास आहे. म्हणून 2009 ते 2012 या काळात चार केंद्रांत अशी लक्षणे असलेल्या 44 जणांची चाचणी झाली. काहींना वजनाच्या दर किलोमागे रोज 60 मिलिग्रॅम डी-सेरीन, इतरांना नुसते दिखाऊ औषध, असे 16 आठवडे दिले. कोणाला काय मिळते, हे घेणाऱ्यालाही ठाऊक नव्हते आणि तपासणाऱ्यालाही.

2015 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. निरुत्साह, माणसे टाळणे अशी लक्षणे डी-सेरीनच्या गटात सरासरी सुमारे 36 टक्क्यांनी उतरली. दुसऱ्या गटात एवढी सुधारणा दिसली नाही. आशा वाटावी असेच हे आहे. पण अखेरच्या हिशेबात 35 जणच होते, आणि आजार टळतो हे त्यातून सिद्ध झालेले नाही. आजार जडलेल्या रुग्णांवरील, 2007 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत ग्लायसीनचा उपयोग दिसला नव्हता. शिवाय मोठ्या मात्रेतील डी-सेरीनने उंदरांच्या मूत्रपिंडाला इजा होते.

तेव्हा कृपा करून दुकानातून पूड आणून मुलाला देऊ नका. त्याच्याशी बोला, त्याची झोप सांभाळा, गांजा-दारूपासून त्याला दूर ठेवा आणि वेळीच मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. 'टेली-मानस'चा 14416 हा सरकारी क्रमांक देशभर मोफत चालतो.

"लोक काय म्हणतील" या धास्तीत जाणारे महिने त्या मुलाच्या आयुष्यातले असतात. ते वाया जाऊ देऊ नका, एवढीच आमची विनंती.