काचेतून काय दिसावे?

इमारतीचा दर्शनी नकाशा, म्हणजे वास्तुशिल्पज्ञ ज्याला ‘एलिव्हेशन’ म्हणतात तो, वरकरणी अगदी निरुपद्रवी कागद वाटतो. इमारतीकडे समोरून सरळ पाहिले असता जे दिसेल, ते मापाबरहुकूम काढावयाचे, एवढेच त्याचे काम. परंतु भिंतीत खिडकी आली आणि खिडकीत काच आली, की प्रश्न उद्भवतो : काच दाखवावयाची, की काचेपलीकडचे?

हाताने नकाशे काढण्याच्या काळात आरेखकाने हा प्रश्न कुंचल्याने सोडविला होता. खिडक्यांच्या जागी तो शाईचा गडद हात फिरवी. त्यामागे नुसती सोय नव्हती, निरीक्षणही होते. स्वच्छ काच समोरून पडणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे ८ टक्के प्रकाश परत पाठविते. तिरप्या कोनातून पाहिल्यास हे प्रमाण पुष्कळच वाढते. शिवाय भर दुपारी खोलीतला उजेड बाहेरच्या मानाने अगदीच थोडा असतो. म्हणून रस्त्यावरून पाहणाऱ्यास खिडकी काळसर दिसते. दिवेलागण झाली, की हा व्यवहार उलटतो. तीच काच जणू नाहीशी होते आणि घरातली माणसे बाहेरच्यांना दिसू लागतात.

आता बहुतेक नकाशे संगणकावर होतात. रेव्हिट, आर्किकॅड यांसारख्या प्रणालींत आधी संपूर्ण इमारतीची त्रिमित प्रतिकृती रचली जाते आणि दर्शनी नकाशा तिच्यातून निघतो. यंत्राच्या लेखी काच हा एक पदार्थ आणि पारदर्शकता हा त्याला जोडलेला ० ते १०० यांमधील एक आकडा. तो आकडा जसाच्या तसा मानला, तर आतले जिने, दारे, खांब सारे तावदानात गर्दी करतात. चौकटीची रेषा कोणती आणि आतल्या दाराची कोणती, हे बांधणाऱ्याला उमगत नाही. तो मुळीच मानला नाही, तर काच आणि भिंत यांत भेद उरत नाही.

यावर उपाय तीन पायऱ्यांनी करावयाचा असतो. पहिली पायरी पदार्थाची : प्रत्येक काचेला तिचा खरा गुण द्यावा. दुसरी त्या विशिष्ट नकाशाची : या कागदावर पारदर्शकता मानावयाची की नाही, आणि मानल्यास नजर किती खोल जाऊ द्यावयाची, हे ठरवावे. तिसरी अपवादाची : एखाद्या दालनापुरता वेगळा नियम लावावा.

पहिल्या पायरीवरची हयगय पुढे कशी भोवते, हे काचेच्या पडदाभिंतीत दिसते. न्यूयॉर्कमधील लिव्हर हाऊस ही १९५२ साली पुरी झालेली इमारत घ्यावी. तिच्या दर्शनी अंगावर काच दोन प्रकारची आहे : एक पाहण्याची, दुसरी अपारदर्शक, मजल्यांचे काठ झाकणारी. प्रतिकृतीत दोन्हींना ‘काच’ हे एकच नाव दिले, तर पारदर्शकता सुरू करताच झाकावयाचे तेच उघडे पडते.

दुसऱ्या पायरीची कसोटी अमेरिकेतच, इलिनॉय राज्यात प्लेनो गावाजवळ आहे. मीज व्हॅन डेर रो याने डॉ. एडिथ फार्न्सवर्थ यांच्यासाठी रचलेले घर १९५१ साली पुरे झाले : आठ पोलादी खांब, तळाशी व माथ्यावर दोन आडवी पाटे, मध्ये चहूबाजूंनी काच आणि आत स्नानगृहे सामावणारा लाकडी गाभा. काच अपारदर्शक काढली, तर हे घर बंद पेटी वाटते. पूर्ण पारदर्शक काढली, तर पुढची चौकट, गाभा आणि मागची चौकट एकमेकांत मिसळतात. नजर गाभ्यापाशी थांबविली आणि त्याच्या रेषा फिकट ठेवल्या, तरच घराचे खरे रूप कागदावर उतरते.

परंतु तेही दिवसाचेच रूप. १९५३ साली फार्न्सवर्थबाईंनी या घराच्या उघडेपणाविषयी जाहीर तक्रार केली. काचेला पारदर्शक म्हणणे रचनाकाराला सौंदर्याचे वाटले. तिच्यामागे रोज राहणे ही निराळी गोष्ट होती.

दर्शनी नकाशा पुष्कळांच्या हातांतून जातो. नगरपालिकेचा अधिकारी त्यावरून परवानगी देतो, कंत्राटदार सामानाचा हिशेब करतो, आणि आयुष्यभराची पुंजी घालून घर घेणारा गृहस्थ त्यावरून आपला संसार कल्पितो. या सर्वांना एकच कागद पुरेल असे नाही. बांधणाऱ्याला अपारदर्शक काचेचा स्पष्ट नकाशा हवा. राहणाऱ्याला मात्र रात्री दिवा लावल्यावर बाहेरून काय दिसेल, तेही दाखविणारा दुसरा हवा. प्रतिकृती एकदा रचलेली असल्यामुळे हा दुसरा कागद काढण्यास श्रम थोडेच पडतात. यंत्र आकडा मागते, तो कोणासाठी द्यावयाचा हे विचारीत नाही. तो विचार माणसालाच करावा लागतो.