नाताळ, बर्फ आणि आजोळ

दिवाळीला इथे शाळेला मोठी सुट्टी नसते, त्यामुळे आमच्या मुलांचं आजोळ नाताळातच! एडिसन ते क्लीव्हलंड, साधारण साडेचारशे मैल. इंटरस्टेट ८० वर पेनसिल्व्हेनिया संपता संपत नाही, एकटा ३११ मैलांचा! क्लिअरफील्ड काउंटीत पाटी लागते: मिसिसिपीच्या पूर्वेला या रस्त्याचं सर्वांत उंच ठिकाण, २,२५० फूट. पाटी दिसली की मागच्या सीटवरून तिखटमिठाच्या पुऱ्यांची मागणी होते. हा आमच्या घरचा नियमच आहे.

खरी परीक्षा पुढे. ईरी सरोवर डिसेंबरात सहसा गोठलेलं नसतं. त्यावरून थंडगार वारा आला की तो वाफ उचलतो आणि किनाऱ्यावर बर्फ ओततो. क्लीव्हलंडच्या पूर्वेकडच्या उपनगरांत जरा जास्तच. सासू-सासरे तिथेच राहतात, दोघंही सत्तरीपुढचे. गेल्या हिवाळ्यात बर्फामुळे डॉक्टरच्या दोन अपॉइंटमेंट्स रद्द केल्या, हे आम्हाला कळलं शेजाऱ्यांकडून! फोनवर मात्र "आम्ही अगदी मजेत".

इथेही असे आजी-आजोबा आहेत, ज्यांची मुलं टेक्सास-कॅलिफोर्नियात आहेत. मंडळाच्या यंदाच्या निधीतून त्यांना हिवाळ्यात डॉक्टरकडे न्यायची-आणायची सोय करायची आहे. चेक तर लिहाच. पण ज्यांच्याकडे बर्फात चालणारी गाडी आणि आठवड्यातली एक मोकळी सकाळ आहे, त्यांनी दाराजवळच्या टेबलावर नाव नोंदवावं. माझं लिहून झालंय, पेन तिथेच ठेवलंय.