बंदुकीची टोपी आणि दंतवैद्याची युक्ती

दिवाळीत मुलांच्या हाती जे टिकल्यांचे पिस्तूल असते, त्यात तांबड्या कागदाची एक बारीक गुंडाळी बसवलेली असते. चाप ओढला की घोडा एका टिकलीवर आपटतो, बार होतो आणि कागद पुढे सरकून दुसरी टिकली घोड्याखाली येते. ही युक्ती मुळात खऱ्या लढाईसाठी काढलेली होती, एका मोठ्या राष्ट्राच्या सैन्याने तिच्यावर भिस्त ठेवली होती आणि सहाच वर्षांत ती टाकूनही दिली होती, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

ठासणीच्या बंदुकीत दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून भरीत. ती दारू पेटवण्यासाठी बंदुकीच्या कानाशी थोडी रंजक ठेवावी लागे आणि चकमकीच्या ठिणगीने ती पेटे. पावसात रंजक भिजे, वाऱ्यात उडून जाई. चाप ओढणे आणि गोळी सुटणे यांत क्षणभराचे अंतर पडे ते वेगळेच. १८०० साली एडवर्ड हॉवर्ड या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने आघाताने पेटणाऱ्या पाऱ्याच्या एका स्फोटक क्षाराची माहिती प्रसिद्ध केली. स्कॉटलंडमधील बेलहेल्वी गावचे धर्मोपदेशक अलेक्झांडर फॉर्साइथ यांना पाखरांच्या शिकारीचा नाद होता. रंजकीचा भपका पाहून पाखरे सावध होत. आघाताने पेटणाऱ्या द्रव्यांचा उपयोग त्यांनी बंदुकीसाठी केला आणि १८०७ साली त्याचे पेटंट घेतले. पुढे हे द्रव्य तांब्याच्या इवल्याशा टोपीत भरण्यात येऊ लागले. बंदुकीच्या कानावरील पोकळ खुंटीवर ही टोपी बसवायची, घोडा तिच्यावर आपटायचा आणि बार उडायचा. १८५७ साली आपल्याकडे ज्या एन्फील्ड बंदुकीच्या काडतुसांवरून वणवा पेटला, ती बंदूकही टोपीचीच होती.

टोपीने पावसावर बरीच मात केली; पण एक नवी पंचाईत उभी राहिली. ही टोपी दर बाराला हाताने बसवावी लागे. थंडीने बोटे बधिर झालेली, समोरून गोळ्या येत असलेल्या आणि हात थरथरत असलेल्या शिपायाला करंगळीच्या नखाएवढी वस्तू चिमटीत धरून खुंटीवर नेमकी बसवायची, हे सोपे काम नव्हते.

ही अडचण वॉशिंग्टन येथील एडवर्ड मेनार्ड या दंतवैद्यांनी हेरली. बारीक वस्तू नेमक्या जागी बसवणे हा त्यांच्या व्यवसायाचाच भाग होता. १८४५ साली त्यांनी एका युक्तीचे पेटंट घेतले. कागदाच्या दोन अरुंद पट्ट्यांमध्ये स्फोटक द्रव्याच्या टिकल्या ठरावीक अंतराने चिकटवलेल्या, वरून पाणी लागू नये म्हणून रोगण दिलेले आणि त्या फितीची गुंडाळी बंदुकीच्या कळेत बसवलेली. घोडा मागे ओढला की फीत पुढे सरके. घोडा पडला की टिकली पेटे आणि वापरलेला तुकडा तुटून जाई. शिपायाला टोपीला हात लावण्याचे कारणच उरले नाही.

१८५५ साली अमेरिकेचे युद्धमंत्री जेफर्सन डेव्हिस यांनी ही युक्ती असलेली बंदूक सैन्यासाठी मंजूर केली. परंतु कारखान्यातील कोरड्या हवेत सुरळीत चालणारी फीत छावणीतल्या दमटपणापुढे टिकेना. रोगण दिले असले तरी कागद तो कागदच! टिकल्या सर्द होत, फीत पुढे सरकताना अडकत असे. तांब्याची टोपी बसवायला किचकट होती, पण तिचे द्रव्य धातूच्या आवरणात सुरक्षित राही. अखेर १८६१ च्या बंदुकीतून मेनार्डची कळ काढून टाकण्यात आली आणि यादवी युद्धात उतरलेल्या शिपायाच्या हाती पुन्हा साधी टोपी आली.

म्हणजे मेनार्ड चुकले काय? १८६३ च्या गेटिसबर्गच्या लढाईनंतर रणांगणावरून सत्तावीस हजारांहून अधिक बंदुका गोळा करण्यात आल्या. त्यांतील सुमारे चोवीस हजार भरलेल्याच होत्या आणि त्यांपैकी कित्येकांत एकावर एक दोन-दोन, तीन-तीन बार ठासलेले आढळले. गदारोळात टोपी बसवायची राहून गेली अथवा बसवलेली पेटलीच नाही, तरी ते न कळता शिपाई पुन्हा बार ठासत राही. मनुष्याच्या हातून चूक होते, हे मेनार्ड यांचे निदान अचूक होते. उपाय मात्र कच्चा होता. किचकट काम त्यांनी हाताकडून काढून हातापेक्षाही बेभरवशाच्या कळेकडे सोपवले.

खरा उपाय निराळाच निघाला. अमेरिकेतील हायरम बर्डन आणि इंग्लंडमधील एडवर्ड बॉक्सर यांनी १८६६ च्या सुमारास टोपी काडतुसाच्या बुडातच बसवण्याच्या पद्धती सिद्ध केल्या. दारू, गोळी आणि टोपी एकाच पितळी नळकांड्यात आली. टोपी बसवण्याचे काम रणांगणावरून कायमचे हद्दपार झाले आणि कारखान्यात गेले.

तेच काम आज निराळ्या ठिकाणी पुन्हा दिसते. अमेरिकेत अनेक नेमबाज वापरलेली पितळी नळकांडी घरी पुन्हा भरतात. त्यासाठी शंभरेक टोप्या एकाच बाजूला तोंड करून एका नळीत ओळीने भराव्या लागतात. पूर्वी चऱ्या पाडलेल्या ताटलीत टोप्या हलवून सुलट्या करीत आणि एकेक उचलीत. आता थरथरणारी यंत्रे हे काम करतात. थरथर कमी पडली तर टोप्या खोळंबतात. अधिक झाली तर उसळून तिरप्या होतात आणि नळीच्या तोंडाशी अडकतात. अशा वेळी जोराने ढोसणे म्हणजे संकटाला आमंत्रण, कारण एक टोपी पेटली तर नळीतल्या साऱ्या एकदम पेटू शकतात. काही यंत्रांत नळीभोवती जाड धातूचे आवरण असते, ते याचसाठी. म्हणून जाणता नेमबाज अशा यंत्राकडून आधी बिनचूकपणा मागतो, वेग नंतर.

हाताचे श्रम वाचवणारे यंत्र दिसले की आपण त्याचा वेग पाहून हरखून जातो. मेनार्ड यांची फीत वेगवान होती, सुबक होती, कल्पकही होती. तिला एकच गोष्ट साधली नाही. ओल्या सकाळी, घाबरलेल्या शिपायाच्या हातात, प्रत्येक वेळी पेट घेणे. आणि त्या शिपायाला तर तेवढीच एक गोष्ट हवी होती.